उभ्या गाडीचे ऋण



सज्जनहो, प्रवचनाचा विषय म्हटला म्हणजे भक्ती, वैराग्य, नामस्मरण यांपैकी काहीतरी असावयाचे, अशी आपली अपेक्षा असते, आणि ती योग्यच आहे. आज आम्ही घेतलेला विषय वाचून मात्र कित्येकांस हसू येईल. विषय असा : एका गृहस्थाने आपली मोटार रस्त्याच्या कडेस रीतीने उभी केली व तो देवदर्शनास गेला. मागाहून दुसऱ्या कोणाच्या गाडीचा तीस धक्का लागला, पत्र्यास पोचा पडला, दिव्याची काच फुटली. मालक जवळ नाही, आजूबाजूस कोणाचे लक्ष नाही. अशा वेळी धक्का देणाऱ्याचा धर्म कोणता? आणि परत येऊन आपली मोडलेली गाडी पाहणाऱ्या मालकाचा धर्म कोणता?

हा पोलिसांचा आणि विमा कंपनीचा विषय आहे, त्यात धर्माचे काय काम, असे कोणी म्हणेल. आमचे उत्तर असे की, धर्माची खरी परीक्षा यज्ञमंडपात होत नाही. तेथे चार लोक पाहत असतात आणि मनुष्य आपोआप नीट वागतो. जेथे कोणी पाहत नाही, जेथे निघून जाणे सोपे आणि थांबणे महाग, तेथेच धर्म आहे की नाही हे कळते. उभ्या गाडीस लागलेला धक्का हा असा क्षण आहे.

आपल्या उज्जयिनीत तर हा क्षण रोजचा झाला आहे. गुदरी, पटनी बाजार, छत्री चौक, ढाबा रोड हे रस्ते पालख्या आणि बैलगाड्या यांच्या मापाने झालेले. दिनांक ११ ऑक्टोबर २०२२ रोजी महाकाल लोकाचे लोकार्पण झाल्यापासून यात्रेकरूंची गर्दी वाढली आहे, आणि २०२८ चा सिंहस्थ समोर दिसत आहे. नाशिक, जळगाव, धुळे, इंदूर येथून मंडळी आपापल्या मोटारींनी येतात, मिळेल तेथे गाडी उभी करतात आणि दर्शनाच्या रांगेत शिरतात. ती रांग कित्येकदा तासन् तास संपत नाही. तितका वेळ गाडी एकटी असते. ती मुकी आहे. तिला कोणी ठोकरले तर ती ओरडत नाही, आणि ओरडलीच तर तिच्या भोंग्याकडे कोणी लक्ष देत नाही.

आता मूळ भेद लक्षात घ्यावा. धक्का लागणे आणि धक्का देऊन निघून जाणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. अरुंद गल्ली, मागे वाजणारे भोंगे, मध्येच आडवी आलेली गाय, अशा वेळी सावध मनुष्याच्या हातूनही चूक होते. तो प्रमाद होय. प्रमादास शास्त्राने क्षमेचा मार्ग ठेवला आहे. परंतु गाडीतून मान बाहेर काढून पोचा पाहिला, इकडे तिकडे नजर टाकली, कोणी नाही अशी खात्री करून घेतली आणि गाडी पुढे काढली, तर या दुसऱ्या कृतीत प्रमाद कोठे आहे? येथे विचार झाला, निश्चय झाला आणि मग कृती झाली. पहिली गोष्ट हाताने केली, दुसरी मनाने केली. पाप लागते ते दुसरीचे.

या बाबतीत आपले प्राचीन ग्रंथ मुके आहेत असे समजू नये. मनुस्मृतीतील पुष्कळ गोष्टी आज आपणांस मान्य होण्यासारख्या नाहीत, आणि त्या मान्य करू नयेत असेच आम्हांसही वाटते. पण तिच्या आठव्या अध्यायात, राजाने न्याय कसा करावा हे सांगताना, वाहनाने होणाऱ्या नुकसानीचा जो विचार आला आहे तो वाचून आम्ही थक्क झालो. बैलाची वेसण तुटली, जू मोडले, आस किंवा चाक मोडले, चामड्याचे पट्टे वा दोर तुटले, गाडी एकाएकी आडवी वा मागे गेली, किंवा हाकणाऱ्याने बाजूस व्हा म्हणून मोठ्याने ओरडून सांगितले होते, अशा १० प्रसंगी दंड नाही, असे तेथे म्हटले आहे. पण हाकणाऱ्याच्या अकुशलतेने गाडी वाट सोडून गेली व नुकसान झाले, तर गाडीच्या मालकास २०० पण दंड. हाकणारा कुशल असून त्याने निष्काळजीपणा केला, तर दंड त्याचा त्याला.

याहून महत्त्वाची गोष्ट त्याच ठिकाणी आहे. दुसऱ्याच्या वस्तूचे नुकसान जाणून केलेले असो वा नकळत झालेले असो, नुकसान करणाऱ्याने प्रथम त्या वस्तूच्या मालकाचे समाधान करावे, आणि शिवाय तितकाच दंड राजास द्यावा, असा तेथील आशय आहे. क्रम पाहावा. प्रथम मालक, नंतर राजा. 'माझ्या मनात नव्हते' या सबबीने मालकाचे देणे फिटत नाही. मनात नव्हते म्हणून तुम्ही दुष्ट ठरत नाही, इतकेच. देणेकरी तर तुम्ही ठरताच.

आणखी एक नियम तेथे आहे. हाकणारा अकुशल असेल तर गाडीत बसलेल्या मंडळींसही प्रत्येकी १०० पण दंड! प्रथमदर्शनी हा अन्याय वाटेल. बसणाऱ्यांनी काय केले? पण आजच्या गाडीत डोकावून पाहा. धक्का लागतो. चालविणारा क्षणभर थबकतो. त्याचा पाय ब्रेकवर असतो, मन डळमळत असते. तेवढ्यात शेजारून कोणी म्हणते, "चला, चला, कोणी पाहिले नाही." त्या तीन-चार शब्दांनी पारडे फिरते. आणि मागच्या आसनावर आठ-दहा वर्षांचे मूल बसलेले असते. त्याने धक्काही पाहिला, संभाषणही ऐकले. खोटे बोलू नये, दुसऱ्याची वस्तू घेऊ नये, असे आपण त्याला वर्षभर शिकविले, आणि आपण स्वतः कसे वागतो हे त्याने अर्ध्या मिनिटात पाहिले. कोणी पाहिले नाही, हे त्या गाडीत तरी खरे नसते.

आता आजच्या राजाकडे, म्हणजे कायद्याकडे वळू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम १३४ प्रमाणे, अपघातात दुसऱ्या कोणाच्या मालमत्तेचे नुकसान झाले तरी चालकावर कर्तव्य येते. पोलीस हजर नसेल तर जवळच्या ठाण्यात शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत, घडलेली हकीगत कळविली पाहिजे. आपल्या विमा कंपनीसही लेखी माहिती दिली पाहिजे. हे न करणे शिक्षेस पात्र आहे. उलट, १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत दुसऱ्याच्या मालमत्तेची नासधूस हा गुन्हा ठरण्यास तसा हेतू किंवा जाणीव असावी लागते. म्हणजे नकळत लागलेल्या धक्क्यास कायदा त्या पंक्तीत बसवीत नाही, पण तो धक्का लपवून निघून जाण्यास मात्र मोकळीक देत नाही. प्रमाद आणि पाप यांमधील जो भेद आम्ही वर सांगितला, तोच कायद्यानेही आपल्या भाषेत केला आहे.

या ठिकाणी तीन शंका हटकून निघतात. त्यांचे समाधान केल्याशिवाय पुढे जाणे योग्य नव्हे.

पहिली शंका : "त्याच्या गाडीचा विमा असेलच. विमा कंपनी भरून देईल. मग आपण थांबून काय उपयोग?" ही शंका सुशिक्षितांच्या तोंडी फार आढळते. पण विमा असणे म्हणजे काय, हे थोडे समजून घ्यावे. कायद्याने जो विमा सक्तीचा आहे, ज्यास व्यवहारात थर्ड पार्टी विमा म्हणतात, त्यातून स्वतःच्या गाडीची दुरुस्ती मिळत नाही. तो आपल्या गाडीने दुसऱ्याचे केलेले नुकसान भरण्यासाठी असतो. अर्थात उभ्या गाडीची भरपाई धक्का देणाऱ्याच्या विम्यातून मिळावयाची. तोच पळून गेला तर ते दार त्याने आपल्या हाताने बंद केले. समजा, मालकाने स्वतःच्या गाडीचाही विमा उतरविला आहे. त्याने त्यातून रक्कम मागितली की काही ठरावीक वाटा त्यास पदरचा भरावा लागतो, आणि नो क्लेम बोनस म्हणून पुढील हप्त्यात मिळणारी सूटही जाते. ही सूट पहिल्या निर्वेध वर्षानंतर २० टक्के असते आणि वाढत वाढत पाच वर्षांनी ५० टक्क्यांपर्यंत पोहोचते. पाच वर्षे सांभाळून गाडी चालविणाऱ्याची कमाई एका अनोळखी मनुष्याच्या अर्ध्या मिनिटाच्या भित्रेपणाने जाते.

आणि पैशाच्या पलीकडेही काही असते. गेल्या वर्षी खानदेशातून एक शिक्षक आपल्या वृद्ध मातोश्रींस घेऊन दर्शनास आले होते. परत येऊन पाहतात तो गाडीचे मागील डावे दार आत दबलेले, उघडेच ना. मातोश्रींचे गुडघे वाकत नव्हते, त्यांना त्याच बाजूने बसता येत असे. भर दुपारी त्या माउलीस एका दुकानाच्या पायरीवर दोन तास बसावे लागले, तेव्हा कारागीर आला व दार उघडले. शिक्षक आम्हांस म्हणाले, "पैशांचे काही नाही हो. पण काचेखाली एक चिठ्ठी असती, तर आईला सांगता आले असते की चुकून लागले. आता ती विचारते आहे, देवाच्या गावात असे कसे झाले?" त्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस देता आले नाही. विमा कंपनी पत्रा सरळ करून देते. हा पोचा तिच्या यादीत नाही.

दुसरी शंका मोठी सोवळी आहे : "चूक झाली खरी. आम्ही देवाच्या पेटीत ५०० रुपये टाकले, अभिषेक केला. आता मन शांत आहे." सज्जनहो, आम्ही पुजाऱ्याच्या घरात वाढलो आहोत. पेटीत पडणाऱ्या पैशाने मंदिर चालते हे आम्हांस ठाऊक आहे, आणि म्हणूनच हे स्पष्ट बोलण्याचा अधिकार आम्हांस आहे असे वाटते. रामचंद्राचे घेतलेले देणे गोविंदास देऊन फिटते काय? देव हा तुमच्या धनकोचा मुखत्यार नव्हे. ज्याची काच फुटली तो रांगेत घामाघूम होऊन उभा आहे, आणि त्याचे ५०० रुपये त्याच्या नकळत आपण देवास अर्पण करून पुण्य मात्र आपल्या नावे मांडले, तर याला दान म्हणावे की दुसरे काही, हे ज्याने त्याने ठरवावे. आधी मालक, मग राजा, मग देव. प्रायश्चित्त हे देणे फेडल्यानंतरचे आहे, देण्याच्या ऐवजी नव्हे.

तिसरी शंका तोंडाने कोणी बोलत नाही, मनातच ठेवतो : "कोणी पाहिलेच नाही." आताशा चौकाचौकांत कॅमेरे आले आहेत, दुकानांवरही आहेत, म्हणून या शंकेचा जोर थोडा ओसरला आहे. पण कॅमेऱ्याच्या भयाने थांबणारा मनुष्य कॅमेरा बंद पडला की पुन्हा निघून जाणार. आपल्या रामघाटावर धर्मराज-चित्रगुप्तांचे मंदिर आहे. तेथे आपण हात जोडतो, ते कशासाठी? चित्रगुप्ताच्या वहीत नोंद होण्यास साक्षीदार लागत नाही, हाच त्या देवतेचा अर्थ आहे. ज्यांना वही आणि लेखणी ही केवळ रूपके वाटतात, त्यांनी असे समजावे की ती वही आपल्याच अंतःकरणात आहे. वर्षे लोटली तरी त्या गल्लीतून जाताना मन एकदा चरकते. ते पान अजून कोरे झालेले नाही, याची ती खूण होय.

येथे एक गोष्ट ओघाने आली म्हणून सांगतो. उत्सवाच्या दिवशी आपल्यातील तरुण स्वयंसेवक पाहुण्यांच्या गाड्यांच्या किल्ल्या घेऊन गाड्या लावून देतात. किल्ली हाती घेणे म्हणजे ठेव स्वीकारणे होय, आणि ठेवीचे रक्षण हा आपल्या धर्मशास्त्रातील व्यवहाराचा एक प्रमुख विषय आहे. दिल्लीतील ताजमहाल हॉटेलात १९९८ साली एका पाहुण्याची गाडी तेथील नोकराच्या स्वाधीन केल्यावर चोरीस गेली होती. 'गाडी मालकाच्या जबाबदारीवर' असा मजकूर पावतीवर छापल्याने हॉटेलास आपल्या नोकरांच्या हयगयीची जबाबदारी टाळता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये दिला. सेवेकऱ्यांनीही हे ध्यानात धरावे. सेवा विनामूल्य असली म्हणून हयगय विनामूल्य होत नाही.

आता उभ्या गाडीच्या मालकाचा धर्म. प्रथम त्याने गाडी उभी करतानाच दुसऱ्याचा विचार करावा. गल्लीच्या तोंडाशी, वळणावर, कोणाच्या दारात गाडी लावून 'पाच मिनिटांत येतो' म्हणणारा मनुष्य पुढील नुकसानीत भागीदार आहे. इतरांस धोका होईल अशा रीतीने गाडी सोडून जाण्यास कलम १२२ ने मनाई आहे. रीतीने लावूनही नुकसान झाले, तर गाडी हलविण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत, शेजारच्या दुकानदारास नम्रपणे विचारावे, ठाण्यात वर्दी द्यावी, आणि दुरुस्तीपूर्वी विमा कंपनीस कळवावे. आपला हक्क शांतपणे मागणे हा लोभ नव्हे. अशा भरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही चालतो. पण जितके गेले तितकेच मागावे. समोरचा सापडला म्हणून जुना ओरखडाही त्याच्या खाती घालणे, चार माणसे गोळा करून त्यास भिवविणे, हे केल्यास काल ज्याचे घेणे होते तो आज स्वतः देणेकरी होतो.

याचे एक सुंदर उदाहरण आमच्या पाहण्यात आहे. एका ई-रिक्षावाल्याच्या हातून उभ्या मोटारीचा बाजूचा आरसा फुटला. तो पळाला नाही. भाडी सोडून दीड तास त्या गाडीजवळ उभा राहिला. मालक आले, वयस्क गृहस्थ. रिक्षावाल्याने खिशातील दिवसाची सारी कमाई पुढे केली. मालकांनी ती घेतली नाही, आणि त्यास तसाच सोडलाही नाही. दोघे मिळून दुकानात गेले. आरसा नवा न घेता केवळ काच बसविली, आणि तिचे जे काय थोडे पैसे झाले तेवढे रिक्षावाल्यास देऊ दिले. आम्ही त्यांना विचारले, "काका, तेवढे तरी का घेतलेत?" ते म्हणाले, "बाळ, काही घेतले नसते तर तो उपकाराखाली गेला असता. आता तो मोकळा झाला." क्षमा करावी, पण ऋण फेडण्याचा मान समोरच्यापासून हिरावून घेऊ नये, हे त्या दिवशी आम्ही शिकलो.

शेवटी माळव्यातील सर्वांच्या परिचयाची एक कथा. इंदूरच्या राजवाड्याजवळ आडा बाजार आहे. त्या नावाशी लोकांनी पुण्यश्लोक अहिल्यादेवींची आख्यायिका जोडली आहे. इतिहासाचा दाखला म्हणून आम्ही ती सांगत नाही, लोकांच्या मनातील न्यायाची कल्पना म्हणून सांगतो. राजपुत्र मालेराव यांच्या रथाखाली सापडून एक वासरू मेले. रथ थांबला नाही, पुढे निघून गेला. गाय वासराजवळ बसून राहिली. तिकडून जाताना देवींनी ते पाहिले आणि चौकशी केली. वाड्यात येऊन त्यांनी सुनेस विचारले, "आईच्या डोळ्यांदेखत तिचे लेकरू मारणाऱ्यास काय शिक्षा असावी?" सून म्हणाली, "तीच." देवींनी पुत्रास तशीच शिक्षा फर्माविली. रथ हाकण्यास कोणी पुढे येईना, तेव्हा त्या स्वतः रथावर चढल्या. पण रथ निघताच तीच गाय आडवी आली. हाकलली तरी पुन्हा आडवी आली. तेव्हा मंत्र्यांनी विनविले की, ही मुकी माताच क्षमा मागत आहे, आता शिक्षा आवरावी.

या कथेत दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. राजपुत्राचा अपराध खऱ्या अर्थाने सुरू झाला तो रथ न थांबल्यापासून. आणि त्यास क्षमा मिळाली ती राजमातेकडून नव्हे, मंत्र्यांकडून नव्हे, देवाकडूनही नव्हे. जिचे गेले होते तिच्याकडून मिळाली. ऋणातून मुक्त करण्याचा अधिकार ज्याचे ऋण आहे त्याचाच असतो. म्हणून त्याच्यासमोर उभे राहिल्याशिवाय गत्यंतर नाही.

दसऱ्यास आणि नव्या खरेदीच्या वेळी मंडळी वाहनपूजेसाठी येतात. चाकाखाली लिंबू ठेवतात, गंधाने स्वस्तिक काढतात, नारळ वाढवितात, आणि माझ्या गाडीस काही होऊ नये असे मागतात. ते मागणे योग्यच आहे. परंतु आमचे तीर्थरूप अलीकडे पूजेच्या शेवटी यजमानाकडून आणखी एक वाक्य वदवून घेतात : "माझ्या वाहनाने कोणाचे नुकसान झाले तर मी थांबेन." काही यजमान हसतात, काही गंभीर होतात. आमच्या मते त्या पूजेतील सर्वांत अवघड मंत्र तोच आहे.

आपल्या संस्थेच्या कार्यकारी मंडळास आमची एक लहानशी विनंती आहे. पादत्राणे ठेवण्याच्या जागी कोऱ्या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा आणि दोरीस बांधलेली एक पेन्सिल ठेवावी. ज्याच्या हातून धक्का लागला त्याने आपले नाव, दूरध्वनी, गाडीचा क्रमांक, वेळ आणि काय घडले ते लिहून ती चिठ्ठी त्या गाडीच्या काचेवर, पुसणीखाली अडकवावी. खर्च फार तर ५० रुपये. पण दर्शन घेऊन परतलेल्या एखाद्या वृद्ध माउलीस, देवाच्या गावात माणसेही राहतात, एवढे त्या चिठ्ठीवरून कळेल.

श्रीमहाकाल आपणां सर्वांस थांबण्याचे बळ देवोत. इति शम्.